शेवटच्या डब्यातली हवा

मी केळी रंगवते. खरी नव्हे, खोटी. ज्या भुसावळात सकाळी दार उघडलं की केळीचा ट्रक आडवा जातो, तिथे घरात बसून खोटी केळी करणारी बाई म्हणून गल्लीत माझी भरपूर थट्टा होते, आणि ती रास्तच आहे. पण शाळांना आणि कृषी विद्यालयांना शिकवायला नमुने लागतात. हृदय, डोळा, जास्वंदीचा उभा छेद, आणि आमच्या भागात सगळ्यात जास्त मागणी केळीच्या रोगांना. पानावर करपा कसा सुरू होतो, बारीक पिवळा ठिपका लांबट होत तपकिरी कसा होतो आणि शेवटी सगळं पान कसं वाळून जातं, ते पाच पानांत दाखवायचं असतं. हे हिरव्यातून पिवळ्यात सरकणं कुंचल्याने जमत नाही, त्याला एअरब्रश लागतो. दिसायला जाडसर पेन. वरच्या चिमुकल्या वाटीत रंग घालायचा, नळीतून हवा येते, बोट दाबलं की रंग फवारून बसतो. ही हवा देणारा माझा कॉम्प्रेसर बुटाच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा आहे. बनवणाऱ्याने तो हौसेने खेळणीबिळणी रंगवणाऱ्यांसाठी बनवला होता, मी त्याच्यावर निम्मा संसार टाकला.

आजही तो सुरू करण्याआधी मी उठून पंखा बंद करते. मे महिन्यात भुसावळात पंखा बंद करणं म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. माझे यजमान दीपनगरच्या वीज केंद्रात आहेत. ते म्हणतात, आम्ही तिकडे जिवाचं रान करून वीज बनवतो आणि तू बंद पंख्याखाली घाम पुसत बसतेस. त्यांचंही बरोबर आहे. पण ही सवय माझी नाहीच, झुलालआबांची आहे. ते गावी गेले आणि ती माझ्याकडे राहिली.

झुलालआबा बोरसे आमचे पाठीमागचे शेजारी. दोन घरांत एकच भिंत. मूळचे धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याजवळचे, बोलणं अहिराणी, सगळी नोकरी रेल्वेत झालेली, आणि निवृत्तीनंतर भुसावळातच घर बांधून राहिलेले. गाडी सुटण्याआधी डब्यांचे हवेचे ब्रेक तपासायचे, हे त्यांचं काम. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत हवेचा एक लांबलचक नळ जातो, दोन डब्यांच्या मध्ये रबरी नळ्यांनी तो जोडलेला असतो, आणि त्यातून कुठेही हवा गेली तर ब्रेकचं खरं नाही, एवढं ज्ञान मला त्यांच्यामुळे झालं. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात बारीक टॉर्च, घडी घातलेला रुमाल, दोन पेनं आणि चिठ्ठ्यांचं छोटं पॅड. चालताना मान जराशी उजवीकडे कललेली, कोणी मागून हाक मारली आहे आणि ते थांबू की नको असा विचार करताहेत, अशी.

ते पहिल्यांदा आमच्या दारात आले तेव्हा भांडायलाच आले असणार, असं मला वाटलं. भर दुपारची वेळ होती. कॉम्प्रेसरच्या आवाजाची तक्रार आजवर तीन घरांनी केली होती, चौथं घर हेच उरलं होतं. मी आधीच माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हाताने मला थांबवलं आणि विचारलं, "माय, तू आते रंगाडी ऱ्हायंती का?"

मी म्हटलं, नाही आबा, जेवत होते.

"मंग तुनं मशीन दर दोन मिनिटले का बरं ऊठस?"

खरंच होतं ते. टाकी भरली की मशीन आपोआप थांबतं आणि हवा वापरली की पुन्हा सुरू होतं. मी तर वापरत नव्हते. तरी ते दर दोन मिनिटांनी गुरगुरत होतं, आणि इतके दिवस शेजारी बसून माझ्या लक्षात न आलेली गोष्ट या माणसाला भिंतीपलीकडे कळली होती. ब्रशला हवा पुरत नाही म्हणून मी जळगावच्या एका दुकानदाराला फोन केला होता. त्याने मशीन न बघताच पिस्टन गेला असं सांगितलं आणि नवीन मशीनचे फोटो पाठवून दिले. मोबाइलवर चार व्हिडिओही पाहिले होते. त्यात चार माणसांनी चार कारणं सांगितली होती.

आबा आत आले आणि म्हणाले, पंखा बंद कर. मग म्हणाले, फ्रीज बंद कर. माझ्या हातातल्या बांगड्यांकडे त्यांनी असं पाहिलं की मी हात मांडीवर ठेवून गप्प बसले. "हवा बोलस," ते हळू आवाजात म्हणाले, "आपन गप ऱ्हावानं." मग डोळे मिटले.

मला वाटलं, आता हे मशीन उघडतील. त्यांनी मशीनला हातही लावला नाही. ब्रश हातात घेतला, म्हणजे अगदी दुसरं टोक. तिथून नळीवरून बोटं फिरवत, कान लावत, एकेक जोड ओलांडत ते मशीनकडे निघाले. मी विचारलं, मशीन तर तिकडे आहे. तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते पुढे मी शंभर वेळा ऐकलं: "इंजिनजोडे काटा कायम चांगलाच ऱ्हास. शेवटना डबामा किती हवा पोचनी ते देख." म्हणजे इंजिनापाशी दाबाचा काटा नेहमी चांगलाच दिसतो, शेवटच्या डब्यात हवा किती पोचली ते बघ. आमच्या गाडीत ब्रश हा शेवटचा डबा होता. तिथून सुरुवात करायची आणि इंजिनापर्यंत यायचं, मध्ये एकही डबा सोडायचा नाही. काटाही नुसता पाहायचा नाही, ब्रशचं बोट दाबून हवा वाहती असताना पाहायचा. बंद नळाला सगळ्यांचीच हवा चांगली असते, असं त्यांचं म्हणणं.

तिसऱ्या जोडाला ते थांबले. नळी जिथे मशीनच्या तोंडाला बसते तिथली पांढरी टेप मी स्वतःच गुंडाळली होती, आणि उलटी गुंडाळली होती. आटे आवळताना ती सुटत जात होती. त्यांनी मला ती सोडायला लावली, आट्यांच्या दिशेने पुन्हा गुंडाळायला लावली, हात लावून मदत अजिबात केली नाही. टाकी भरल्यावर वायर काढून ठेवली, घड्याळ समोर ठेवलं, आणि पाच मिनिटं आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो. काटा जागचा हलला नाही.

मग खिशातून ते पॅड निघालं. गाडी सुटण्याआधी ते जसा दाखला लिहीत, तशीच चिठ्ठी त्यांनी माझ्या बुटाच्या खोक्याएवढ्या मशीनसाठी लिहिली. वर टाकीतली हवा, मग शेवटच्या डब्यातली हवा, मग पाच मिनिटांत किती उतरली. खाली डावीकडे 'तपासणारा', उजवीकडे 'घेणारा'. डावीकडे त्यांनी सही केली, ठसठशीत, झु पासून से पर्यंत पूर्ण नाव. उजवीकडे मला करायला लावली. मला हसू येत होतं, ते मी दाबलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. ते म्हणाले, मनी सही म्हंजे मी. मी नसताना ती सही तिथे असते, म्हणून ती पाहून करायची.

त्यानंतर माझ्याकडे अशा पंधरा-वीस चिठ्ठ्या जमल्या. मशीन दर चार-सहा महिन्यांनी काहीतरी काढायचंच.

साबणाच्या पाण्याबद्दल मात्र त्यांना भारी तिटकारा होता. जोडावर साबणाचं पाणी लावलं की हवा जिथून जाते तिथे बुडबुडे येतात, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. व्हिडिओतले लोकही तेच सांगतात. मी एकदा वाटीत पाणी करून आणलं तर आबा ती वाटी बघून म्हणाले, "साबन लावानं म्हंजे कान इकी टाकानं." कान विकून खाल्लेल्यांनी साबण लावावा. मी गुपचूप त्या पाण्यात पातेलं घासलं.

ही त्यांची घमेंड होती, मी नाकारत नाही. पण त्या घमेंडीची फजितीही ते स्वतःच सांगत. एका लहान स्टेशनावर त्यांनी एकदा मालगाडी अडवून धरली होती. कुठूनतरी बारीक हिस्स असा आवाज येत होता आणि तो हवेचाच होता, याबद्दल त्यांची खात्री होती. शेवटच्या डब्यापासून इंजिनापर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. नळी न नळी पाहिली. पाऊण तास गाडी उभी, वरून फोन, स्टेशनमास्तर लालबुंद. शेवटी आवाज सापडला तो फलाटावरच्या चहावाल्याच्या पंपाच्या स्टोव्हमध्ये. त्याचा वायसर गेला होता. आबांकडून लेखी खुलासा मागितला गेला, आणि त्यांनी एकच ओळ लिहिली की आवाज हवेचाच होता, फक्त गाडीचा नव्हता. हे सांगताना ते हसत नसत, आम्हीच हसून लोळत असू. उलट वर ते म्हणत, "उशीर व्हयना ते बोलनं खासू. हवा गई ते काय खासू?" आणि गाडी गेल्यावर त्यांनी चहावाल्याचा वायसर बदलून दिला होता, हे अक्का मागून जोडायच्या. अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. आबांच्या प्रत्येक गोष्टीचं शेपूट त्यांच्याकडे असायचं.

जळगावला माझी एक मैत्रीण घरी केक करते. केकवरचे रंग तीही असल्याच मशीनने फवारते. तिचं मशीन निम्मीच हवा देऊ लागलं तेव्हा मी आबांना गळ घातली, आणि ते एका पायावर तयार झाले. तिथे जाऊन त्यांनी तिचं स्वयंपाकघर असं गप्प केलं की विचारू नका. मिक्सर बंद, भट्टी बंद, एक्झॉस्ट बंद, सासूबाईंची मालिका बंद. त्या बिचाऱ्या टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघत बसल्या. आबा ब्रशपासून निघाले, नळी झाली, जोड झाले, टाकी झाली. कुठेही काही नाही. माझ्या मैत्रिणीचा चेहरा पडला. नवीन मशीनच घ्यावं लागणार, असं तिने धरूनच टाकलं.

आबा म्हणाले, डबे बठ्ठे ठीक शेत, इंजिनच उपाशी शे. म्हणजे डबे सगळे ठीक आहेत, उपाशी आहे ते इंजिन. मशीन जिथून हवा आत ओढतं तिथे बोटाच्या पेराएवढी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गाळणी असते. ती काढली तर पांढरीफेक. आबांनी ती उलटसुलट पाहिली, नाकाशी नेली, आणि आम्ही काही बोलायच्या आत जिभेला लावली. "गोड शे," म्हणाले. बाई पिठीसाखर चाळायची ती त्याच टेबलावर, मशीनच्या तोंडासमोर. वर्षभर मशीनने साखर खाल्ली होती. आबांनी ती गाळणी धुवायला लावली, गच्चीत वाळवायला लावली, आणि वाळेपर्यंत सासूबाईंना मालिका बघू दिली. हवा देनारले बी हवा लागस, असं त्यांनी परत येताना बसमध्ये मला सांगितलं. मी तेव्हा भराभर केळीची कामं घेत होते, रोज दहा-दहा तास बसत होते, त्यामुळे ते नक्की कोणाबद्दल बोलत होते ते मी विचारलं नाही. घरी आल्यावर अक्कांनी मला एवढंच विचारलं की साखर किती खाल्ली, कारण आबांना मधुमेह होता.

मागच्या हिवाळ्यात मला पहिली खूण दिसली, पण ती खूण आहे हे कळलं नाही. आबा सहज आले होते. मशीन समोर होतं. ते म्हणाले, पंखा बंद कर माय. मी वर पाहिलं. पंखा बंदच होता, थंडीचे दिवस. तसं सांगितलं तर म्हणाले, मंग कूलर. कूलर माळ्यावर चढवून दोन महिने झाले होते. ते थोडा वेळ मान कलती धरून बसले आणि उठून गेले.

मग अक्कांचं गाऱ्हाणं सुरू झालं. आबा दिवसातून तीनदा गॅसचं सिलिंडर तपासतात. कुकरची रिंग महिन्यात दुसऱ्यांदा आणली. सायकलच्या चाकांना कान लावून बसतात. गॅस एजन्सीचा माणूस चौथ्यांदा येऊन गेला, आता तो फोन उचलत नाही. आम्ही दोघी हसलो. म्हातारपणी माणसं अशीच होतात, अशी मी अक्कांची समजूत घातली. आता ते आठवलं की माझंच मला वाईट वाटतं.

फेब्रुवारीत यावलच्या एका कृषी विद्यालयाचं मोठं काम आलं. करप्याच्या पाच अवस्था, असे बरेच संच, आणि हातात मोजून चार दिवस. दुसऱ्याच दिवशी मशीनने मान टाकली. बोट दाबलं की काटा दोन किलो दाबावरून सरळ पाऊण किलोवर यायचा, आणि ब्रश फवारण्याऐवजी थुंकायचा. पानावर शिंतोडे. करपा दाखवायचा तो गोवर दिसायला लागला. मी आबांना बोलावलं.

त्यांनी चार ठिकाणी गळती सांगितली. चारही ठिकाणच्या टेप मी बदलल्या. काटा तसाच पडला. मग त्यांनी सांगितलं, पुन्हा शेवटच्या डब्यापासून. या वेळी ते तपासून झालेल्या प्रत्येक जोडावर माझ्या पांढऱ्या मेणपेन्सिलीने एक बारीक रेघ मारत होते, अर्धी एका भागावर आणि अर्धी दुसऱ्यावर. डब्यांवर खडूने खूण करायची त्यांची जुनी पद्धत. जोड कोणी हलवला तर रेघ तुटते. संध्याकाळपर्यंत सगळ्या मशीनवर रेघा झाल्या आणि हवा जातच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. त्यांच्या कपाळावर घाम होता. मध्येच ते दचकून खिडकीकडे बघायचे, मग सिलिंडरकडे, मग परत मशीनकडे.

मी त्यांच्या शेजारी बसले होते, आणि मला ऐकू येत होतं. मशीनवर हवेतलं पाणी अडवणारी एक पारदर्शक वाटी असते, आट्यांनी बसवलेली. तिच्या वरच्या काठातून, कापडात टाचणी ओढावी तसा अगदी बारीक आवाज. इतकी वर्षं गप्प बसायला शिकवलं होतं त्यांनी मला, त्याचंच ते फळ. त्या वाटीवर आबांची पांढरी रेघ होती. म्हणजे ती पास झालेली होती.

आबा, वाटीतून जातेय. एवढे तीन शब्द होते. ते माझ्या तोंडून निघेनात. भिंतीपलीकडून ज्याने माझ्या घरातली गळती ओळखली, त्याला मी काय म्हणून सांगू की तुमच्या नाकासमोर हवा जाते आहे आणि तुम्ही त्याच वाटीवर रेघ मारली आहे? अक्कांनी जेवायला हाक मारली आणि ते गेले. मी वाटी हातात धरली आणि जराशी सैल केली. आवाज मोठा झाला. आता सापडेल, असं मी स्वतःला म्हटलं, आणि मला बरंही वाटलं.

जेवून आले तेव्हा त्यांनी एक नवीनच गोष्ट केली. हाताची मागची बाजू जिभेने ओली केली, कारण ओल्या कातडीला बारीक हवाही गार लागते, आणि ती जोडांवरून फिरवत गेले. वाटीपाशी हात थांबला. त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं असतं. "सापडनी," ते म्हणाले. आणि मी म्हटलं, आबा, तुमच्या कानाला तोड नाही. हे वाक्य मी बोलले नसते तर फार बरं झालं असतं.

वाटी उघडायला त्यांनी चष्मा लावला. आणि ते वाटीच्या काठावर वाकले. मीही वाकून पाहिलं. पांढऱ्या रेघेचे दोन तुकडे झाले होते, मध्ये बोटाच्या नखाएवढी फट.

"ही वाटी तू फिरवी का?"

मी हो म्हटलं.

"सकायले बी आठे हवा जाई ऱ्हायंती का? खरं सांग."

"हो आबा."

"तुले ऐकू येई ऱ्हायंती?"

मी मान डोलावली. ते चिडतील असं मला वाटलं, चिडले असते तर मला चाललं असतं. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि परत लावला. मग त्यांनी मला ते सांगितलं जे अक्कांनाही सांगितलं नव्हतं. दिवाळीपासून त्यांच्या दोन्ही कानांत हिस्स असा आवाज होत होता. थांबतच नव्हता. अगदी नळी फुटल्यासारखा. "मना कानमा बठ्ठा दिन हवा जास," ते म्हणाले. "भायेरनी कोनती नी कानमानी कोनती, आते माले समजत नही."

मग पंखा, कूलर, सिलिंडर, सायकलची चाकं, सगळं एकदम माझ्या लक्षात आलं. या माणसाने आयुष्यभर एकच आवाज शोधला, आणि देवाने म्हणा की रेल्वेच्या यार्डाने म्हणा, नेमका तोच आवाज त्याच्या कानात कायमचा भरून दिला. मला त्या क्षणी माझीच लाज वाटत होती.

"साबननं पानी आन," आबा म्हणाले.

मी आणलं. त्यांनी मला प्रत्येक जोडावर लावायला लावलं, ब्रशपासून मशीनपर्यंत, एकही डबा न सोडता, आणि प्रत्येक ठिकाणी विचारलं, काय दिसतं, काय ऐकू येतं. वाटीची रिंग दबून चपटी झाली होती. त्यांच्या पेटीत तसलीच एक निघाली. ती मी बसवली. टाकी भरली, वायर काढली, घड्याळ समोर ठेवलं. पाच मिनिटं. काटा तूच वाच, असं ते म्हणाले, आणि मी वाचला. बोट दाबूनही वाचला. हवा शेवटच्या डब्यापर्यंत पोचत होती.

त्यांनी चिठ्ठी लिहिली. वरची हवा, शेवटच्या डब्यातली हवा, पाच मिनिटांत किती उतरली. मग पेन माझ्यापुढे धरलं, बोट डावीकडे ठेवून. मी म्हटलं, नाही आबा, ही जागा तुमची आहे, तुमची सही असल्याशिवाय मला ते मशीन ठीक वाटायचं नाही.

"ड्रायव्हर डबा डबा देखत नही, माय. सही देखस नी गाडी काढस," ते म्हणाले. "मनी सहीवर आते गाडी काढू नको. सही तू कर. हवा तुले ऐकू उनी."

मी 'तपासणारा'च्या खाली सही केली. अक्षर वाकडं आलं. आबांनी पॅड आपल्याकडे ओढलं आणि उजवीकडे, 'घेणारा'च्या खाली, झु पासून से पर्यंत पूर्ण नाव लिहिलं. त्यांच्या अक्षरात काहीही फरक नव्हता. यावलचे संच वेळेवर गेले.

त्यानंतर त्यांच्याकडे कोणी मशीन घेऊन आलं की ते त्या माणसाला माझ्या दारात आणून उभं करायचे आणि स्वतः बाजूला स्टुलावर बसायचे. मी ऐकायची, ते पद्धत सांगायचे. एखादा डबा मी सोडला की त्यांना बरोबर कळायचं. अक्कांनी त्यांना जळगावच्या कानाच्या डॉक्टरकडेही नेलं. या आवाजाची सवय करून घ्यावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. सवय मला पहिल्यापासूनच आहे, पण ती हा आवाज शोधायची, असं आबांनी त्यांना सांगितल्याचं अक्का म्हणाल्या.

पावसाळ्याआधी ते दोघं गावी राहायला गेले. गावाकडे थोरला मुलगा शेती बघतो, आणि तिथे शांतता जास्त आहे, असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांना स्टेशनावर पोचवायला गेले होते. सुरतकडे जाणारी गाडी लागलेली होती, सुटायला वेळ होता. अक्का त्यांच्या डब्यापाशी सामान घेऊन उभ्या. आबा मात्र मला घेऊन पार शेवटच्या डब्यापर्यंत गेले आणि तिथून परत चालत निघाले, मान कलती, एक हात डब्याच्या अंगाला टेकवत. मी मागून चालत होते. त्यांच्या डब्याजवळ, दोन डब्यांच्या मधल्या फटीपाशी, ते थांबले. खाली रबरी नळ्या लोंबत होत्या. त्यांनी कान पुढे केला, डोळे मिटले. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"ऐक बरं, माय."

मी फलाटाच्या कडेला बसले आणि वाकले. चहावाला ओरडत होता, माइकवर काहीतरी चाललं होतं, कोणाचं तरी पोर रडत होतं. मी डोळे मिटून एकेक आवाज बाजूला करत गेले, त्यांनी शिकवलं होतं तसं. बराच वेळ घेतला. या वेळी मला त्यांना बरं वाटावं म्हणून काहीही बोलायचं नव्हतं.

"काही नाही, आबा."

"नक्की?"

"नक्की. हवा ठीक आहे."

त्यांनी मान डोलावली. त्या नळीकडे पुन्हा एकदाही पाहिलं नाही. अक्कांच्या हातातली पिशवी घेतली आणि गाडीत चढले.